गुडघा बदलल्यावर हिमोग्लोबिन ८.६, तरी रक्त देईनात. बरोबर आहे का हे?

खाडीकाठ (देवगड): आईचं वय ६९. सोमवारी कोल्हापुरात उजवा गुडघा बदलला. आधी हिमोग्लोबिन १०.९, तिसऱ्या दिवशी ८.६. मी आणि मामेभाऊ घाट चढून रक्त द्यायला हजर, आणि डॉक्टर म्हणतात गरज नाही! आई पांढरीफटक पडलीय, उभी केली की डोळ्यांपुढे अंधारी. मला तर हा निव्वळ हट्ट वाटतो.

सिस्टर_चिपळूण: हट्ट नाही हो. पंधरा वर्षं ऑर्थो वॉर्डात काढलीत. पूर्वी दहाच्या खाली गेलं की पिशवी लागायचीच. २०११ साली खुब्याचं हाड मोडलेल्या पेशंटांवरचा मोठा अभ्यास छापून आला. त्यांना हृदयविकार किंवा त्याचा धोका होता, तरी दहाला रक्त दिलेले आणि आठपर्यंत थांबवलेले यांच्यात जगण्या-चालण्याचा फरक दिसला नाही. गुडघ्यालाही आता आठच धरतात. रक्त म्हणजे सलाइन नव्हे, म्हाताऱ्या हृदयावर त्याचा भार येतो, कधी फुप्फुसात पाणी होतं. आणि पोटच्या मुलाचं रक्त तर उलट जास्त जोखमीचं, ते किरणांची प्रक्रिया करूनच द्यावं लागतं.

माडाची_सावली: अभ्यास राहू दे बाजूला. माझ्या वडिलांना स्टेंट आहे. ८.४ वर "बघू, बघू" करत ठेवलं आणि चौथ्या दिवशी छातीत कळ आली. मग रात्री रक्तासाठी पळापळ. आकडा सगळे बघतात, माणूस कोण बघतो?

सिस्टर_चिपळूण: तिथे चूकच झाली. छातीत दुखतंय, धाप लागतेय, तर आठची वाट बघायची नसते. खाडीकाठ, आईंची अंधारी राउंडला सांगितलीत का? ती अंगात पाणी कमी पडल्यानेही येते. आडवं असताना आणि उभं केल्यावर बीपी बघायला सांगा.

मोहोर_उशिरा: तुम्ही सगळे ऑपरेशननंतरचं भांडताय. १०.९ वर टेबलावर घेतलंच कसं? बाईमाणसाला बाराच्या खाली म्हणजे ॲनिमिया. गुडघा काय पळून जात होता? आत्याची तारीख आमच्या डॉक्टरांनी दीड महिना पुढे ढकलली, लोहाच्या गोळ्या दिल्या. (जेवणावरचा चहा सोडवायला मात्र घरात महाभारत झालं. चहाने लोह अंगी लागत नाही, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.) ऑपरेशनच्या वेळी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं इंजेक्शन दिलं. धरलेली गुठळी ते लवकर विरघळू देत नाही, म्हणून रक्त कमी जातं. पिशवी लागलीच नाही.

सिस्टर_चिपळूण: हे मात्र शंभर टक्के. गुडघ्याचं रक्त टाके घातल्यावरही आतल्या आत मांडीत झिरपत राहतं, म्हणून आकडा तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळाला जातो. सुरुवातच १०.९ ची, तर आठ काही लांब नव्हतं.

खाडीकाठ (देवगड): राउंडला सांगितलं नव्हतं, आज सांगितलं. उभं केल्यावर बीपी घसरत होता. सलाइन लावलं, संध्याकाळी वॉकर धरून दारापर्यंत गेली. रक्त नाहीच दिलं. ठीक, तेवढं मागे घेतो. पण १०.९ चा कागद महिनाभर आधीपासून फायलीत होता आणि कोणी चकार शब्द काढला नाही, तो राग आहेच. मामेभाऊ मात्र रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन आला. म्हणे, "इतक्या लांब इलंय, तर तसोच कसो परतू?"