सोडून दिलेली गाभण कुत्री, तिची पिल्लं आणि तुमचे अनुभव

पोट दिसायला लागलं की पट्टा काढायचा, गाडीत घालायचं आणि लांब कुठेतरी उतरवून यायचं, असं करणारे लोक आहेत. अशी एखादी कुत्री तुमच्या दारात आली असेल, तुम्ही तिला जिन्याखाली, गॅरेजात, पलंगाखाली जागा दिली असेल, तर इथे लिहा. एकच मागणं आहे. पिल्लांचं कौतुक आपण सगळेच भरभरून सांगतो, फोटोही त्यांचेच निघतात. आईचं पुढे काय झालं तेही लिहा.

सुरुवात मी करते. आमची लाली आली तेव्हा तिच्या गळ्यावर पट्ट्याच्या जागचे केस झिजलेले होते आणि ‘बस’ म्हटलं की ती बसत होती. म्हणजे कोणीतरी वेळ काढून तिला शिकवलं होतं. एखादी गाडी हळू झाली की उठून काचेकडे बघायची. ती गाडी निघून गेली की परत त्याच जागी. तिला तिथून हलवणं हेच सगळ्यात अवघड काम झालं. ओढून आणली असती तर तिने विश्वास टाकला नसता, म्हणून खाण्याचं भांडं रोज थोडं थोडं दाराकडे सरकवत नेलं.

गाभणपणाचे दिवस साधारण 63, पण कधीपासून मोजायचे हेच माहीत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पंचावन्नाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लांची हाडं नीट दिसायला लागतात आणि कवट्या मोजता येतात. हा आकडा हातात असणं किती मोलाचं आहे ते विण्याच्या रात्री कळतं: सगळी बाहेर आली की एखादं अडकलंय, हे त्याशिवाय सांगताच येत नाही. मग रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. कुत्रीचं तापमान एरवी 38.3 ते 39.2 अंश सेल्सियस असतं. ते 37.2 च्या खाली उतरलं की बहुतेक वेळा एका दिवसाच्या आत कळा सुरू होतात. लालीचं उतरलं, तिने अंथरूण उकरायला सुरुवात केली, आणि आम्ही एवढ्या हौसेने तयार केलेला खोका सोडून ती कपाटाच्या तळाशी जाऊन व्याली. माझ्या साड्यांवर. लाली आमच्याकडेच आहे.

*

आमच्याकडे एक आली, व्याली, पिल्लं मोठी झाली. रात्रीची धावपळ नाही, सलाईन नाही, काही नाही. मी दोनच कामं केली: पाण्याचं भांडं भरलेलं ठेवलं आणि पिल्लं बघायला येणाऱ्यांना हाकलून दिलं. दुसरं काम जास्त दमवणारं होतं. बहुतेक कुत्र्या आपलं आपण निभावतात, आपण मध्येमध्ये टॉर्च मारला नाही म्हणजे झालं. आई माझ्या भावाकडे आहे आणि त्याच्यापेक्षा जास्त सोफा वापरते.

*

टॉर्च मारू नका हे खरं, पण लक्ष मात्र ठेवा. आमच्या वेळी तेवढ्यामुळेच जीव वाचला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुत्री आकाराने लहान होती आणि पोट फारच मोठं. संध्याकाळपासून धापा टाकत होती. रात्री अंथरुणावर गडद हिरवा डाग दिसला. पिल्लू एकही बाहेर आलेलं नव्हतं. हिला मी पहिल्या दिवशी तपासायला नेलं तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते की पहिलं पिल्लू जन्मल्यानंतर हिरवं-काळं पाणी गेलं तर घाबरू नका, तो वारेचा रंग असतो. पण पहिल्या पिल्लाच्या आधीच दिसलं तर वार सुटलेली असते आणि आतल्या पिल्लाला प्राणवायू मिळत नसतो. तसंच, जोराच्या कळा अर्धा तास चालू राहिल्या आणि काहीच आलं नाही तर थांबायचं नाही. दोन पिल्लांच्या मध्ये ती निवांत पडून राहिली तर एक-दोन तास जाऊ द्यायला हरकत नाही, पण कळा देत असताना वाट बघायची नाही. हा फरक मला त्यांनी दोनदा बोलायला लावला होता.

सिझेरियन झालं. पहिलं पिल्लू आडवं अडकलेलं होतं आणि ते गेलं. बाकीची जगली. मला वाटलं संपलं एकदाचं. खरी परीक्षा भूल उतरल्यावर होती. ज्या कुत्रीने पिल्लांना जन्म देताना पाहिलेलंच नाही, तिला ही कोण वळवळणारी मंडळी आहेत ते कसं कळणार? ती गुरगुरली, एकाला तोंडात धरायला निघाली. डॉक्टरांच्या मदतनीस ताईंनी तिच्या गर्भजलाने ओला झालेला कपडा पिल्लांच्या अंगावरून फिरवला. मग मी तिचं डोकं मांडीवर धरून ठेवलं आणि ताईंनी एकेक पिल्लू आचळाला लावलं. पहिल्या दिवसाचा चीक पोटात जायलाच हवा असतो. पिल्लाला आईकडून मिळणारी बहुतेक प्रतिकारशक्ती त्यातूनच येते, आणि साधारण 24 तासांनंतर पिल्लाच्या आतड्यातून ती शोषलीच जात नाही. तासातासाने हेच करत राहिलो. पहाटे कधीतरी तिने माझ्या हातातून डोकं सोडवून घेतलं आणि एका पिल्लाला चाटलं, मग दुसऱ्याला, आणि मग मला तिथून उठवण्यासाठी माझ्यावरच गुरगुरली. एवढं आनंदाने मी कोणाचं गुरगुरणं ऐकलेलं नाही.

सिझेरियनच्या वेळीच गर्भाशय काढायचं का असं विचारलं होतं, आम्ही हो म्हणालो. तरीही दूध येतं, ही शंका असणाऱ्यांसाठी सांगतो. ती आता माझ्या बहिणीच्या सासूबाईंकडे आहे. त्यांना आधी कुत्री अजिबात नको होती.

*

मी पशुवैद्यक आहे. वरचे वाचून समाधान वाटले, तरीही काही गोष्टी लिहितो, कारण पिल्ले माझ्याकडे येतात ती बहुतेक याच कारणांनी.

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचे तापमान राखता येत नाही, आणि अंग गार असताना आतड्यांची हालचाल मंदावते. दूध तसेच पडून राहते किंवा फुप्फुसात जाते. आधी हळूहळू ऊब द्यावी, मग पाजावे. जिथे पिल्ले ठेवली आहेत तिथे पहिल्या आठवड्यात 29 ते 32 अंश तापमान असावे, पण एक कोपरा थंड ठेवावा म्हणजे आईला आणि पिल्लांना सरकता येते. पिल्लाला माणसाच्या बाळासारखे पाठीवर झोपवून बाटली देऊ नये. पोटावर ठेवावे, मान किंचित वर. गायीचे दूध चालवू नये. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश त्याच्या दुपटीहून अधिक असतात आणि लॅक्टोज कमी असते, त्यामुळे पिल्लू एकाच वेळी उपाशीही राहते आणि त्याला जुलाबही होतात. पिल्लांसाठी तयार मिळणारी दुधाची पावडर वापरा.

वजन रोज करा. जन्मवेळचे वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवे. एखादे वाढत नसेल तर ते रडण्याआधी काटा सांगतो.

आईच्या शरीरात दडलेल्या गोलकृमींच्या अळ्या वारेतून पिल्लांमध्ये जातात, म्हणजे पिल्लू जंत घेऊनच जन्मते. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध, आईलाही. लहान मुले हाताळत असतील तर हात धुवायलाच हवेत, हे जंत माणसालाही त्रास देतात.

*

माझी गोष्ट तिसऱ्या आठवड्यातली. तोवर सगळं छान. पिल्लांचे डोळे उघडलेले, लडखडत चालायला लागलेली, आणि आई मात्र हाडांचा सापळा. कितीही खायला घातलं तरी दुधात जायचं. एका दुपारी ती पिल्लांपासून उठून गेली, फेऱ्या मारायला लागली, मागचे पाय ताठ टाकत. मग थरथर. शेजारच्या काकू म्हणाल्या थंडी वाजत असेल, पांघरूण घाल. अंगाला हात लावला तर भाजत होती.

कॅल्शियम उतरलं होतं. रक्तातलं कॅल्शियम दुधात निघून जातं आणि स्नायू आखडायला लागतात. लवकर उपचार झाला नाही तर झटके येऊन कुत्री दगावते. दवाखान्यात शिरेतून कॅल्शियम देताना डॉक्टर स्टेथोस्कोप छातीवरून काढतच नव्हते, कारण ते भरभर दिलं तर हृदय बंद पडू शकतं. आधीच गोळ्या दिल्या असत्या तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, उलट. गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढून घ्यायची सवय सोडतं आणि व्याल्यावर हा धोका वाढतो. मला तोपर्यंत भेटलेल्या प्रत्येकाने ते द्यायला सांगितलं होतं.

पुढे आईचं दूध बंद, पिल्लं बाटलीवर. चार-चार तासांनी गजर. ती बाजूच्या खोलीत दाराला नाक लावून बसायची आणि दार उघडलं की आधी आत घुसायची, आधी मोजायची. मोजायची म्हणजे काय ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल.

ती गेली मागच्या वर्षी, म्हातारी होऊन. माझ्याकडेच.

*

मी भाड्याच्या खोलीत राहतो. घरमालकांनी ‘पिल्लं जाईपर्यंतच’ या अटीवर परवानगी दिली, ती अट मला तेव्हा सोपी वाटली.

पिल्लं दिसायला अगदी वेगवेगळी होती, एक पांढरं केसाळ, एक काळं कुळकुळीत, दोन तांबूस. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. बघायला आलेला प्रत्येक जण पांढऱ्याला हात लावायचा. सहाव्या आठवड्यापासूनच न्यायची घाई. मी आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत एकही दिलं नाही. आई आणि भावंडं चावाचावी खेळतात त्यातच किती जोराने दात लावायचे नाहीत हे पिल्लू शिकतं, लवकर उचललं तर ते शिक्षण नव्या घरातल्या लोकांच्या बोटांवर होतं. तेवढ्या काळात मी त्यांना मिक्सरचा आवाज, छत्री, टोपीवाले, काठीवाले सगळं दाखवून घेतलं. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जे ओळखीचं होतं त्याची पुढे सहसा भीती बसत नाही.

नेणाऱ्यांना प्रश्न विचारले की काहींना राग यायचा. दिवसभर घरी कोण असतं? घर बदललं तर? एक गृहस्थ म्हणाले, ‘कुत्रं देताय की मुलगी?’ त्यांना दिलं नाही.

पिल्लं गेली. आईसाठी मात्र एकही फोन आला नाही. चार वर्षांची असेल, शांत, घरात घाण न करणारी, साखळी न ओढणारी. पण लोकांना ‘लहानपणापासूनचं’ हवं असतं. काळं पिल्लू नेलेल्या बाईंना मी विचारलं, एवढंसं पिल्लू सांभाळायला रात्री उठणार आहात, ही तयार कुत्री का नको? त्यांनी विचार करायला वेळ घेतला, आणि मग पिल्लाऐवजी नाही, पिल्लासकट तिला नेलं. काळ्या पिल्लामुळे ती गेली हे मला आजही थोडं खटकतं. पण गेली.

*

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. प्रत्येक कुत्री घरात यायला राजी नसते. आमच्या आवारातली कोणालाही हात लावू देत नव्हती. तिला पकडून खोलीत कोंडलं असतं तर घाबरून तिने पिल्लांनाच इजा केली असती. आम्ही पडक्या शेडमध्ये कोरडा आडोसा करून दिला, ठरलेल्या वेळी खाणं ठेवलं आणि लांब झालो. पिल्लं रांगत बाहेर यायला लागल्यावर ती खायला जायची तेवढ्या वेळात त्यांना हाताळायचो. त्यामुळे पिल्लं माणसाळली. आई नाही. पिल्लांना घरं मिळाली, तिची नसबंदी करून, रेबीजची लस देऊन तिला त्याच जागी सोडलं. ते तिचंच आवार आहे. तीन हात अंतरावरून शेपूट हलवते, तेवढं पुरे.

*

धागा काढणारी मीच परत. बऱ्याच जणांनी विचारलंय की आईची नसबंदी नक्की कधी. आमच्या डॉक्टरांनी पिल्लं दूध सोडेपर्यंत थांबायला सांगितलं, आणि त्यानंतर आचळं सुकायला दोनेक आठवडे. दूध भरलेलं असताना टाके घालणं अवघड जातं. पण त्यापुढे ‘बघू नंतर’ करू नका, काही महिन्यांत ती पुन्हा माजावर येते. आणि एखादा नर पिल्लू घरीच ठेवला असेल तर तोही सहा-सात महिन्यांचा होताच वयात आलेला असतो, त्याला आई-बहीण कळत नाही. तेव्हा त्याचीही तारीख तिच्याबरोबरच घेऊन ठेवा.