मदत हवी आहे: साइटचा आवाज शेजारी कमी जावा म्हणून मांडणी कशी करावी?

नमस्कार मंडळी. चिंचोळ्या प्लॉटवर इमारतीचं काम सुरू होतंय. एका बाजूला कुंपणाला लागूनच राहती घरं, दुसऱ्या बाजूला रस्ता. जनरेटर आणि सळया कापायचं यार्ड रस्त्याकडे टाकायचं नक्की केलंय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, हा फुकटचा फायदा कोण सोडेल! साइट ऑफिस आणि गोडाऊनचे कंटेनर घरांच्या बाजूने सलग लावून आडोसा करायचाही विचार आहे.

अडलंय ते पुढे. पत्र्यांचा आडोसा मशीनला खेटून उभारावा की कुंपणावर? मशीन आणि खिडकी एकमेकांना दिसता कामा नयेत हे कळतं, पण वरच्या मजल्यांच्या खिडक्यांचं काय? कुंपण कितीही चढवलं तरी त्या वरून डोकावतातच.

आणि ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीट घेऊन येणारे ट्रक! रिव्हर्स घेतानाचा तो पीं-पीं आवाज सगळ्यात जास्त डोकं उठवतो. एका गेटने आत, दुसऱ्याने बाहेर असा एकेरी रस्ता काढला तर रिव्हर्स टळेल, पण यार्डाची जागा खाल्ली जाते. इतक्या अरुंद जागेत हे कोणी जमवलंय का? हाताने काढलेलं स्केच असलं तरी चालेल.