पहाटे पाचला हाका मारणाऱ्यांना विनंती

(सहकारनगर, पुणे. सोसायटीचा ग्रुप: 'फक्त महत्त्वाचे'. डिसेंबरातला मंगळवार.)

बी-२०४ कुलकर्णी वहिनी, ७:५२
नमस्कार. कुणाचं नाव घेत नाही. पण आमच्या अप्पांना पहाटे पाचला खालून हाका मारणं कृपया थांबवावं. आज अंधारात तळजाई टेकडीच्या उतारावर मुरमावरून घसरले. कोपर सोललंय, चष्म्याची काडी तुटली. घरी सांगितलं, "दारात ठेच लागली." खरं काय ते दूधवाल्याकडून कळलं. वय ७४, शुगरची गोळी चालू, आणि पोटात नुसतं पाणी.

ए-१०३ साठे काका
सुप्रभात. नाव घेतलं नाही तरी कळलं. मी ७८. अकरा वर्षांत एक दिवस खाडा नाही. माणसं घरात घसरत नाहीत का? बाथरूममध्येच जास्त घसरतात.

सी-३०१ देशपांडे काकू
अकरा वर्षांतून गुडघ्याच्या ऑपरेशनचे चार महिने वजा करा. डबा मीच पाठवत होते.

सी-००२ जाधव आजोबा
बाक कधी बसवणार

ए-१०३ साठे काका
जाधवराव, तो विषय वेगळा.

ए-४०२
विषय निघालाच आहे तर हास्यक्लबचंही बोलू. माझी शिफ्ट पहाटे साडेतीनला संपते. सव्वासहाला खिडकीखाली हा-हा, हो-हो. कुणाला खरंच हसू येत असतं तर एक वेळ चाललं असतं.

ए-१०३ साठे काका
ओढूनताणूनच हसायचं असतं. डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये मुंबईत सुरू केलं तेव्हा लोक विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, मग विनोदाशिवाय हसायचं ठरलं. शरीराला फरक कळत नाही.

ए-४०२
माझ्या शरीराला कळतो, काका.

बी-३०३ (सध्या न्यू जर्सी)
इकडे रात्रीचे साडेनऊ. इकडचे सीनियर लोक थंडीत दुकानं उघडायच्या आधी मॉलमध्ये चालतात. सपाट फरशी, उजेड, बसायला जागा. आपल्याकडे कुणी असा विचारच करत नाही.

सेक्रेटरी शिंदे
साहेब, आपला दोन तिमाहींचा मेंटेनन्स बाकी आहे. 🙏

सी-००२ जाधव आजोबा
बाक कधी बसवणार

बी-१०२ डॉक्टर मॅडम
वहिनी, अप्पांना माझ्या दवाखान्यात पाठवा, कोपर बघते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही विचारून ठेवा.
आता सगळ्यांसाठी. टेकडीला माझी हरकत नाही, वेळेला आहे. सध्या सूर्य सातच्या सुमारास उगवतो. थंडीत पहाटे खालची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर जमिनीलगतच कोंडतो. त्यात कोपऱ्यावर पालापाचोळा पेटवलेला. ऊन तापलं की तो वर जातो. म्हणजे 'पहाटेची शुद्ध हवा' म्हणून तुम्ही जे छातीत भरून घेता, ते बरंचसं काल रात्रीचं असतं. आणि ड जीवनसत्त्व कोवळ्या उन्हात जवळपास काहीच मिळत नाही, त्याला दहानंतरचं ऊन लागतं.

ए-१०३ साठे काका
आमच्या वडिलांनी आयुष्यभर कोवळं ऊन घेतलं. ९१ पर्यंत जगले.

बी-१०२ डॉक्टर मॅडम
छान. शुगरवाल्यांचं बघा: सगळ्या गोळ्यांनी साखर एकदम उतरत नाही, पण काहींनी उतरते. उपाशीपोटी चढण चढायची नाही. खिशात ग्लुकोजची पुडी हवी. घाम सुटला, हात थरथरले की बसायचं आणि ती खायची. "वर पोचल्यावर बघू" हे नको.

ए-१०३ साठे काका
खाली उतरल्यावर आम्ही सगळे दुधीचा रस घेतो.

बी-१०२ डॉक्टर मॅडम
दुधी कडू लागला तर घोटभरही पिऊ नका. त्यानं माणसं दगावली आहेत.

ए-२०१
🌹 शुभ सकाळ 🌹 रोज दहा हजार पावले चाला, आजार पळवून लावा 🌹

सी-३०१ देशपांडे काकू
ते दहा हजार जपानमधल्या १९६५ च्या पावलं मोजायच्या यंत्राचं नाव होतं हो. मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. जाहिरात ती. आपण साठ वर्षं पाळतोय.

ए-१०३ साठे काका
काही लोक सोफ्यावर बसून सगळं वाचतात.

सी-३०१ देशपांडे काकू
काही लोक मित्राला अंधारात सोडून पुढे जातात.

बी-२०४ अप्पा, ८:४०
मी पण या ग्रुपवर आहे. सगळं वाचलं.
पाचला जाग येते. मिक्सर लावायचा नाही, रेडिओ लावायचा नाही, नातवाची परीक्षा. पेपर सव्वासहाला येतो. तोवर छताकडे बघत पडू का? घसरलो ते चढताना नाही, उतरताना. टॉर्च साठ्यांकडे होती आणि साठे पुढे.

ए-१०३ साठे काका
मी दोनदा मागे वळून पाहिलं होतं. असो. यापुढे बोलणार नाही.

ए-१०३ साठे काका
टॉर्च दोन आणायच्या हे मीच आधी सुचवलं होतं. असो.

बी-१०२ डॉक्टर मॅडम
उतरतानाच घसरतात. सगळा भार मांडीवर येतो, पाय दमलेले असतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चाला एवढंच सांगून थांबत नाही. ६५ च्या पुढे आठवड्यातून तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायामही सांगते. ओट्याला धरून एका पायावर उभं राहा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढल्याचं सगळे सांगतात, एका पायावर दहा सेकंद कोण उभं राहतं ते सांगा.

ए-१०३ साठे काका
मी राहतो.

सी-३०१ देशपांडे काकू
व्हिडिओ टाका.

सेक्रेटरी शिंदे
छोटं गेट पाचला उघडण्याचा ठराव सीनियर लोकांनीच करून घेतला होता. आता साडेसहाला करायचं तर लेखी अर्ज द्यावा. इथे वाद नको.

सी-००२ जाधव आजोबा
बाक कधी बसवणार

ए-४०२
आजोबा, कुठलं बाक? खरंच माहीत नाही.

सी-००२ जाधव आजोबा, ९:१४
नातू टाईप करतोय मी बोलतोय. गेटपासून मारुतीच्या देवळापर्यंत माझी चारशे पावलं. मधे गुलमोहराखाली आपलं बाक होतं. दोनशेवर बसायचो, दम घ्यायचो, मग पुढची दोनशे. गणपतीआधी रंगाला म्हणून काढलं. तिथे आता स्कूटर लागते. तेव्हापासून मी गेटच्या बाहेर गेलो नाही. तुमच्या टेकडीचं चालू द्या.

*(अकरा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही.)*

ए-२०१
पाण्याचा टँकर आलाय का?

सेक्रेटरी शिंदे
आजोबा, बाक पंपरूममध्ये आहे. एक पाय निखळलाय. वेल्डरला दोनदा सांगून झालं. स्कूटर कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे.

सी-३०१ देशपांडे काकू
माझ्या मुलाची. एकदा तोंडावर सांगितलं असतं तर काढली असती. चार महिने मनात कशाला ठेवायचं?

बी-२०४ कुलकर्णी वहिनी, ९:५८
अप्पा दवाखान्यात जातो म्हणून निघाले. मॅडम म्हणतात आलेच नाहीत. साठे काका?

ए-१०३ साठे काका
पंपरूममध्ये आहोत. आतला बल्ब उडालाय, कुणीतरी टॉर्च आणा. अप्पांना उचलू देत नाहीये, ते नुसतं सांगतायत.

ए-४०२
आलो. तुम्ही दोघं हात लावू नका. तसाही जागाच आहे.

सी-००२ जाधव आजोबा
गुलमोहराखाली नको. उन्हात ठेवा