अक्षर, लिपी, बाराखडी… या शब्दांच्या व्युत्पत्तीसाठी काय वाचावं?

शाईची_दौत
मी प्रौढांना मराठी लिहा-वाचायला शिकवते. मुळाक्षरं सुरू झाली की प्रश्नही सुरू होतात. बाराखडीतली 'खडी' म्हणजे खडू का? खायचं व्यंजन आणि 'क' हे व्यंजन एकच का? हलन्तचा नांगराशी काही संबंध? फॉरवर्डमधली उत्तरं नकोत. एखादा भरवशाचा कोश किंवा पुस्तक सुचवा. संस्कृत शाळेपुरतंच येतं.

जुना_वाचनखोर
दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. नोंदीच्या शेवटी कंसात व्युत्पत्ती असते, आधी तेवढीच बघायची. हा आणि मोल्सवर्थचा कोश (१८५७ची आवृत्ती) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. कृ. पां. कुलकर्णींचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' (१९४६) जवळ असावाच, नोंदी त्रोटक आहेत हे धरून चाला.

खडूचा संबंध नाही. बारा अक्षरांची ती बाराक्षरी, तिची बाराखडी. 'क्ष'चा 'ख' झाला, जसा क्षीरचा खीर होताना झाला. (क्षेत्रचं मात्र मराठीत शेत झालं. भाषा एकाच वाटेने जात नाही.) हल्ली अॅ आणि ऑ धरून काही जण चौदाखडी म्हणतात, म्हणजे 'खडी'ला आता स्वतंत्र प्रत्ययाचा मान मिळालाय!

तिरकी_वेलांटी
कोश सांगितलेत ते बरोबरच, पण ते उघडण्याआधी निरुक्ती (अर्थ ठसवायला केलेली शब्दाची फोड) आणि व्युत्पत्ती (शब्दाचं खरं मूळ) यांतला फरक वर्गाला सांगा, निम्मे वाद तिथेच मिटतात. जुने पंडित शब्द फोडून दाखवायचे ते बहुतेकदा अर्थ मनावर ठसावा म्हणून. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या संस्कृत व्याकरणावरच्या भाष्यात, 'स्वयं राजन्ते' म्हणून स्वर, म्हणजे जे स्वतःच शोभतात ते, आणि व्यंजन त्यांच्या मागून येतं. वाचायला झकास आहे, पण स्वर शब्द 'राज्' धातूपासून निघालेला नाही. तो 'स्वृ'पासून आला, आवाज करणे या अर्थाच्या. 'अक्षर'चंही तसंच. तिथेच दोन पर्याय दिलेत: न क्षरणारं ते अक्षर, नाहीतर 'अश्' म्हणजे व्यापणे यावरून. खुद्द भाष्यकार दोन वाटा दाखवतात आणि आपण एकच सुविचार म्हणून फळ्यावर लिहितो.

व्यंजन: 'वि' आणि 'अञ्ज्', उघड करणे, प्रकट करणे. डोळ्यांतलं अंजनही याच धातूचं. जेवणातलं व्यंजन आणि वर्णमालेतलं व्यंजन हा एकच शब्द, त्यामुळे तुमच्या विद्यार्थ्याची शंका अगदी रास्त.

आणि नांगर विसरा. 'हल्' हा पाणिनीचा प्रत्याहार, म्हणजे आखूड केलेली खूण. शिवसूत्रांतल्या (त्या व्याकरणातल्या वर्णांच्या यादीतल्या) 'हयवरट्'मधल्या ह पासून शेवटच्या 'हल्'मधल्या ल् पर्यंत, मधली सगळी व्यंजनं त्यात आली. ज्याच्या अंती असं व्यंजन, ते हलन्त. तसाच 'अच्' म्हणजे स्वर, आणि स्वरान्त ते अजन्त. आपला 'पाय मोडणे' हा शब्द शिकवायला जास्त सोपा आहे, असं माझं मत.

बोरूबहाद्दर
लिपी राहिली. 'लिप्' म्हणजे सारवणे, माखणे, त्यावरून लिपी. सोपं आहे.

जुना_वाचनखोर
इतकं सोपं नाही. अशोकाच्या बहुतेक लेखांत 'धंमलिपि' आहे, पण वायव्येकडच्या शाहबाजगढीला 'ध्रमदिपि' आहे, 'ल'च्या जागी 'द'. इराणच्या हखामनी राजांच्या लेखांतही 'दिपि' म्हणजे कोरलेला लेख. म्हणून बरेच अभ्यासक हा शब्द तिकडून आला आणि 'लिप्'शी जुळवून घेतला गेला असं मानतात. पाणिनीच्या एकाच सूत्रात लिपि आणि लिबि अशी दोन्ही रूपं आहेत, तेही बोलकं आहे.

शाईची_दौत
वा! आता 'अल्फाबेट'ही विचारतील.

बोरूबहाद्दर
ते एका वाक्यात होतं. ग्रीक अल्फा आणि बीटा, त्यांच्यामागे फिनिशियन आलेफ (बैल) आणि बेथ (घर). इंग्रजी ए उलटा काढून दाखवा, शिंगं दिसतात. वर्ग खूश.

वाचायला गुणाकर मुळे यांचं हिंदी 'अक्षर कथा' घ्या, भाषा अवघड नाही. ओझांची 'भारतीय प्राचीन लिपिमाला' मोठी आहे, पण ती अक्षरांच्या वळणांसाठी, शब्दांच्या मुळांसाठी नाही.

शाईची_दौत
दाते-कर्वे आणि मुळे, एवढ्यावर सुरुवात करते. जाता जाता, 'ओनामा' कुठला?

तिरकी_वेलांटी
'ॐ नमः सिद्धम्'. पूर्वी पाटीवर पहिलं हेच गिरवून घ्यायचे. मुलांच्या तोंडी त्याचं 'ओनामासीधं' झालं आणि पुढे नुसता ओनामा उरला.

टर्नरचा इंडो-आर्यन भाषांचा तुलनात्मक कोशही त्याच शिकागोच्या संकेतस्थळावर आहे. त्यात मुख्य नोंदी संस्कृत रूपांखाली असतात. म्हणून आधी दाते-कर्व्यांतून संस्कृत रूप काढा, मग तिकडे जा. उलटं केलंत तर शोधणं अवघड जाईल.