रक्तदाब वाढला की लघवीही वाढते का?

प्रश्न: रक्तदाब वाढल्यावर मूत्रपिंडात जास्त रक्त गाळले जाऊन लघवी त्याच प्रमाणात वाढायला हवी, मग तसे का होत नाही?

उत्तर १: सरासरी रक्तदाब (वरच्या व खालच्या आकड्यांच्या मधला) साधारण ८० ते १८० मिमी पाऱ्याच्या दरम्यान असेपर्यंत मूत्रपिंडातील सूक्ष्म धमन्या स्वतःच आकुंचन-प्रसरण पावून गाळण दिवसाला सुमारे १८० लिटरवर जवळपास स्थिर ठेवतात. वाढलेल्या दाबाने मीठ-पाणी थोडे अधिक बाहेर पडते, हेही खरे.

उत्तर २: गाळलेल्या या १८० लिटरपैकी बहुतेक पाणी परत शोषले जाऊन लघवी जेमतेम दीड लिटर होते, आणि माझ्या मते हार्मोन्सचे महत्त्व इथेच कळते: दाब घसरताच मूत्रपिंडातून रेनिन हे द्रव्य स्रवते, त्यामुळे अँजिओटेन्सिन व अल्डोस्टेरॉन ही हार्मोन्स वाढून सोडियम (मीठ) राखले जाते, तर शरीरातील पाणी कमी झाल्यास पाणी राखणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या हार्मोनमुळे लघवी थोडी आणि गडद होते.

उत्तर ३: जुलाब-उलट्यांत पाणी कमी होऊन दाब घसरू शकतो, आणि अँजिओटेन्सिन रोखणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे तो सावरणारी ही यंत्रणा अडते; म्हणूनच अशा गोळ्या घेणाऱ्यांनी जुलाब-उलट्या झाल्यास डॉक्टरांना लगेच विचारावे.