पॉप-अप कॅम्परची ऑनिंग: पाणी साचतं, डास शिरतात

प्रश्न: मिशिगनमध्ये जूनअखेर तळ्याकाठी मुक्काम आहे. पॉप-अप कॅम्परला (गाडीमागे ओढायची, वर उघडणारी तंबूगाडी) 10 फुटी बॅग ऑनिंग (कडेला पिशवीत गुंडाळून राहणारं कापडी छत) आहे, तिला जाळीची खोली जोडायची आहे. पावसात कापडाला पोट येतं आणि खालून डास शिरतात. काय करावं?

उत्तर 1: पुढचे दोन्ही दांडे सारख्या उंचीवर ठेवू नका. एक वीतभर खाली घ्या, म्हणजे पाणी त्या कोपऱ्यातून ओघळेल. एक चौरस मीटर कापडावर नुसतं 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे 10 किलो वजन. आडवे दांडे वाकतात ते यामुळेच. मधला दांडा विसरू नका, पोट तिथेच येतं. वारा सुटला तर मात्र सरळ गुंडाळून ठेवा.

उत्तर 2: आधी कॅम्पर समतल करून चारही कोपऱ्यांचे पाय टेकवा, मगच जाळी. उलट केलंत तर भिंती तिरक्या ओढल्या जातात आणि दाराची चेन दात सोडते. डास बहुतेक कॅम्परच्या पोटाखालून येतात. तिथली झालर पूर्ण लावा, जाळीची खालची पट्टी आत दुमडून वर पाण्याचे कॅन ठेवा. काठची जमीन रेताड असेल तर लांब खुंट्या घ्या, डोकं खोलीपासून बाहेर झुकवून ठोका.

उत्तर 3: ऑनिंगच्या कडेत शिवलेली दोरी कॅम्परवरच्या पन्हळीत सरकवताना अडकत असेल तर ओढाताण नको, शिवण उसवते. पन्हळ पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. ओलं कापड घडी घातलंत तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी वाळवा, नाहीतर बुरशीचे काळे डाग कायमचे.