मदत हवी आहे : आईच्या खुब्यात सिमेंट घालू द्यावं का?

नमस्कार मंडळी,

आई ७८ वर्षांची. खुब्याचा सांधा पार झिजलाय, त्यात हाडं ठिसूळ. सर्जन म्हणतात, सांधा बदलताना कृत्रिम सांध्याची वाटी सिमेंटशिवाय बसवू, पण मांडीच्या हाडातला दांडा सिमेंटमध्येच. मामांचं पालुपद एकच : "सिमेंट जुनं झालं, सैल होतं." त्यांच्या एका मित्राचा दांडा सुटला होता, ऑपरेशन चाळीसेक वर्षांपूर्वीचं. आता आईही अडून बसलीये.

सिमेंट खरंच सुटतं का? सर्जनना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १
बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, त्यावरून सांगते. मामांच्या मित्राचं झालं असेल तसं. हे सिमेंट म्हणजे एक प्रकारचं अ‍ॅक्रिलिक. ते चिकटवत नाही, हाडाच्या जाळीत शिरून धरून ठेवतं. ब्रिटिश सर्जन जॉन चार्नलींनी १९६०च्या दशकात ते रूढ केलं तेव्हा बोटांनी वरून दाबून भरत. मध्ये रक्त, हवा अडकायची आणि पकड कच्ची राहायची. आता पोकळी खालून प्लगने बंद करतात, फवाऱ्याने धुऊन कोरडी करतात आणि गनने तळापासून वर सिमेंट भरत आणून दाब देतात. आमचे सर उरलेला गोळा हातात धरून ठेवतात. तो तापून टणक झाला की मगच दांडा सोडतात. तोवर कुणी बोलत नाही!

वयस्कर, ठिसूळ हाडात सिमेंटशिवायचा दांडा ठोकून बसवताना हाड तडकायची भीती जास्त. ऑपरेशननंतरही दांड्याभोवतीचं हाड मोडण्याचं प्रमाण सिमेंटमध्ये कमी, हे अनेक देशांच्या सांधेरोपण नोंदींत दिसतं. तरुणांचा हिशेब वेगळा.

खरा धोका दुसराच. सिमेंट दाबताना मज्जेतली चरबी रक्तात जाऊन कधीकधी बीपी, ऑक्सिजन एकदम उतरतो. क्वचित जिवावरही बेततं. आईंना हृदयाचं किंवा फुप्फुसाचं काही आहे का? असेल तर भूलतज्ज्ञांशी आधीच बोला.

प्रतिसाद २
ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवा. दांड्याभोवती पांढरा थर सलग दिसायला हवा. सिमेंट आणि हाडाच्या मध्ये काळी रेघ दिसली आणि ती वर्षागणिक रुंदावत गेली, तर लगेच दाखवा.

धागाकर्ता
ताई, आईला दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय. सर्जनना माहीत आहे, भूलतज्ज्ञांची गाठ अजून पडलेली नाही. उद्याच वेळ घेतो. धागा मामांना पाठवलाय. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.